साटिनच्या बोचा रंग बदलताना घड्या, सावल्या आणि चकाकी कशी टिकवावी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिजिटल स्क्रॅपबुकच्या (संगणकावर सजवलेल्या फोटोवहीच्या) एका किटमध्ये, म्हणजे सजावटीच्या चित्रांच्या संचात, गडद डाळिंबी रंगाचा साटिनचा बो, म्हणजे फितीची शोभेची गाठ, आहे आणि बारशाच्या पानासाठी तो फिकट पिस्ता रंगात हवा आहे. फोटोशॉपच्या ह्यू-सॅच्युरेशनमध्ये ह्यूचा (रंगछटेचा) स्लायडर सरकवला, तर बो काळपट हिरवा होतो. लाइटनेस वाढवला, तर तो पिठूळ दिसू लागतो. पेंट बकेटने रंग ओतला, तर घड्या आणि चकाकी पुसली जाऊन नुसती बोच्या आकाराची सपाट आकृती उरते. मग किटचे डिझायनर एकच बो आठ-दहा रंगांत कसा देतात, आणि तो प्रत्येक रंगात खरा कसा दिसतो?

डाळिंबी आणि पिस्ता यांच्यात रंगछटेचे अंतर आहेच, पण त्याहून कितीतरी मोठे अंतर उजळपणाचे आहे, आणि येथील सगळी अडचण या दुसऱ्या अंतरातून येते. म्हणून रंगाला हात लावण्यापूर्वी बोची करडी प्रतिमा तयार करावी, ती नव्या रंगाला शोभेल इतकी उजळ किंवा गडद करून घ्यावी, आणि मगच तिच्यावर रंग चढवावा. चकाकी मात्र या सगळ्यातून बाहेर काढून शेवटी वेगळी घालावी, कारण ती कापडाच्या रंगाची नसते. ती त्याच्यावर पडलेल्या उजेडाच्या रंगाची असते. पुढचे सगळे विवेचन या क्रमाचेच स्पष्टीकरण आहे.

प्रथम साधी साधने कोठे अडतात ते आकड्यांत पाहू. डाळिंबी बोच्या मधल्या, ना उजळ ना गडद अशा भागावर आयड्रॉपर, म्हणजे रंग मोजण्याचे साधन, ठेवला, तर लाल १२०, हिरवा २० आणि निळा ४० अशा आसपासची नोंद मिळेल. फोटोशॉपमधील कलर, ल्युमिनॉसिटी हे ब्लेंड मोड, म्हणजे वरचा लेयर (थर) खालच्यात मिसळण्याच्या रीती, उजळपणा मोजताना लाल रंगाला सुमारे ३० टक्के, हिरव्याला ५९ टक्के आणि निळ्याला ११ टक्के वजन देतात. त्या हिशेबाने या भागाचा उजळपणा २५५ पैकी ५२ येतो. आपल्याला हवा असलेला पिस्ता रंग २००, २२५, १८० असा धरला, तर त्याचा उजळपणा सुमारे २१२ आहे. बोच्या वर पिस्ता रंगाचा लेयर ठेवून त्याचा मोड कलर केला, की फोटोशॉप रंगछटा पिस्त्याची घेतो, पण उजळपणा खालच्या बोचाच, म्हणजे ५२, कायम ठेवतो. हाती येतो तो ४०, ६४, २० असा गडद शेवाळी रंग. येथे सॉफ्टवेअरचे काहीही चुकलेले नाही. त्याने जे राखायला सांगितले होते, तेच राखले आहे.

लाइटनेसच्या स्लायडरची गोष्ट वेगळी आहे. तो उजव्या बाजूला सरकवला, की प्रत्येक पिक्सेल पांढऱ्याकडे सारख्याच प्रमाणात ओढला जातो. अधिक ६० या मूल्यावर घडीतील १० ची सावली १५७ वर जाते आणि २३० ची चकाकी २४५ वर जाते. म्हणजे सावली आणि चकाकी यांच्यात आधी २२० पायऱ्यांचे अंतर होते, ते ८८ वर आले. पिठूळपणा म्हणतात तो हाच. डाव्या बाजूला सरकवले, तर तेच काळ्याकडे होते. त्यामुळे एलिमेंटचा, म्हणजे किटमधील बो, फूल, बटण अशा सुट्या चित्राचा, रंग बदलताना लाइटनेसच्या स्लायडरला शक्यतो हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने बरे होणारे काम लेव्हल्सने (काळा, मधला आणि पांढरा बिंदू सरकवणाऱ्या साधनाने) नेहमीच अधिक चांगले होते.

तरीही ह्यूचा स्लायडर टाकाऊ आहे, असे समजू नये. जुना आणि नवा रंग उजळपणाने जवळजवळ असतील, उदाहरणार्थ अबोलीवरून फिकट जांभळा किंवा पोपटीवरून आकाशी, तर तोच सर्वांत चांगला पर्याय ठरतो, कारण एलिमेंटच्या आत असलेले रंगांचे छोटे छोटे फरक तो टिकवतो. खऱ्या गुलाबाच्या फोटोवरून केलेले फूल पाहा: पाकळीच्या मुळाशी पिवळसर झाक असते, कडेला रंग दाट असतो आणि घडीत तो किंचित थंड होतो. ह्यू सरकवला, की या सगळ्या छटा एकत्र सरकतात आणि त्यांच्यातील अंतर तसेच राहते. त्याच चौकटीतील कलराइझची खूण केली, तर मात्र संपूर्ण फूल एकाच छटेत बुडते आणि प्लॅस्टिकचे वाटू लागते. साटिन, बटण, कागदी टॅग अशा मुळातच एकरंगी वस्तूंना कलराइझ चालते. फुले, पाने, लाकूड यांना ते सहसा मानवत नाही. एवढे मात्र लक्षात ठेवावे, की ह्यूचा स्लायडर डोळ्यांना जाणवणारा उजळपणा जपत नाही. वर दिलेल्या वजनांनी शुद्ध पिवळ्याचा उजळपणा ८९ टक्के आणि शुद्ध निळ्याचा अवघा ११ टक्के भरतो. पण ह्यूच्या हिशेबात हे दोन्ही रंग सारख्याच लाइटनेसचे आहेत. पिवळी फीत निळी करताना ती एकदम बुडाल्यासारखी गडद होते, ती यामुळेच.

आता मूळ बोकडे वळू. पहिली पायरी म्हणजे करडी प्रतिमा, आणि येथेच बहुतेक जण घाई करतात. कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबून रंग काढून टाकणे सोपे आहे खरे. पण ही आज्ञा प्रत्येक पिक्सेलच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मूल्याची सरासरी घेते, त्यामुळे शुद्ध लाल, शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा हे तिन्ही रंग एकाच मध्यम करड्यावर येऊन बसतात. लाल फितीवर पिवळे ठिपके असतील, तर ते अशा वेळी चक्क गायब होतात. त्यापेक्षा चॅनेल्सचे पॅनेल उघडावे आणि लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल (प्रतिमेतील त्या त्या रंगाचे करडे चित्र) एकेक करून डोळ्यांनी पाहावेत.

डाळिंबी बोच्या बाबतीत हे पाहणे फार बोलके असते. लाल चॅनेलमध्ये घड्यांचा सगळा चढउतार सापडतो: गाठीजवळच्या खोल चुण्या ४० च्या आसपास, फुगीर भाग १२० ते २००, आणि चकाकीची रेघ २५० च्या घरात. हिरव्या चॅनेलमध्ये मात्र जवळजवळ सगळा बो काळा असतो आणि त्या काळ्यात फक्त चकाकीच्या रेघा पांढऱ्या उठून दिसतात. याचे कारण असे, की डाळिंबी कापड हिरवा उजेड जवळपास सगळा शोषून घेते, पण साटिनच्या गुळगुळीत पृष्ठावरून जो उजेड कापडाच्या आत न शिरता थेट परततो, त्यात तिन्ही रंग शाबूत असतात. म्हणजे लाल चॅनेल हा घडी-सावलीचा नकाशा आणि हिरवा चॅनेल हा चकाकीचा नकाशा, असे दोन्ही नकाशे आयतेच वेगळे होऊन हाती येतात. कोणत्याही भडक रंगाच्या चकचकीत वस्तूला हा नियम लावता येतो: वस्तूच्या स्वतःच्या रंगाचा चॅनेल घडणीसाठी घ्यावा आणि जो चॅनेल सर्वांत काळा असेल तो चकाकीसाठी घ्यावा. याला एक अपवाद आहे. फार तेजस्वी लाल वस्तूच्या फोटोत लाल चॅनेल बऱ्याचदा २५५ ला टेकलेला असतो आणि त्यात घड्याच उरलेल्या नसतात. अशा वेळी घडण हिरव्या चॅनेलमध्येच शोधावी लागते, किंवा दोन्हींचे मिश्रण करावे लागते.

फोटोशॉपमध्ये यासाठी बोच्या लेयरवर चॅनेल मिक्सरचा अॅडजस्टमेंट लेयर घालावा, मोनोक्रोमची खूण करावी आणि लाल १००, हिरवा ०, निळा ० अशी मूल्ये द्यावीत. हा लेयर आणि यापुढचा प्रत्येक लेयर कंट्रोल, आल्ट आणि जी दाबून बोला क्लिप करावा, म्हणजे परिणाम बोच्या बाहेर सांडत नाही आणि कडांवरील अर्धपारदर्शक पिक्सेलही आपोआप सांभाळले जातात. मूळ बो तळाशी अस्पर्शित राहतो. काही बिघडले तर वरचे लेयर काढून टाकले, की झाले.

दुसरी पायरी म्हणजे हा करडा बो फिकट कापडाचा वाटेल असा करणे. डाळिंबी बोचे करडे रूप जसेच्या तसे ठेवून त्यावर पिस्ता रंग चढवला, तर तो मळकट दिसेल, कारण गडद आणि फिकट कापडांच्या सावल्यांची जात वेगळी असते. गडद कापडाच्या घडीत शिरलेला उजेड तेथेच शोषला जातो आणि घडी काळी पडते. फिकट कापडाच्या घडीत मात्र तोच उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतो, म्हणून तेथील सावली कधीच फार खोल होत नाही. एखाद्या पांढऱ्या रुमालाच्या घड्या खिडकीजवळ धरून पाहाव्यात. खऱ्या काळ्याच्या जवळ जाणारा भाग त्यात सहसा सापडत नाही.

म्हणून चॅनेल मिक्सरच्या वर लेव्हल्सचा लेयर घालावा. या बोसाठी इनपुटचा काळा बिंदू ३०, पांढरा बिंदू २०० आणि मधला १.५ ठेवावा, आणि खालच्या आउटपुटच्या पट्टीवर, जिच्याकडे सहसा कोणी पाहतही नाही, काळा बिंदू ११५ पर्यंत उचलावा. आता चुण्या ११५ च्या थोड्या वर राहतात आणि १२० चा मधला भाग सुमारे २०७ वर जातो. बो राखाडी-पांढऱ्या साटिनचा दिसू लागला पाहिजे. तो तसा दिसेपर्यंत पुढे जाऊ नये. या टप्प्यावर दिलेली पाच मिनिटे पुढचा अर्धा तास वाचवतात. हे आकडे याच बोचे आहेत, हेही येथेच सांगून ठेवतो. दुसऱ्या एलिमेंटला ते डोळे मिटून लावू नयेत. हिस्टोग्राम (उजळपणाच्या वाटणीचा आलेख) कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, ते पाहून ठरवावेत.

तिसरी पायरी म्हणजे रंग. वर सॉलिड कलरचा फिल लेयर घालून त्याचा मोड मल्टिप्लाय करावा. मल्टिप्लायमध्ये दोन्ही मूल्यांचा गुणाकार होऊन त्याला २५५ ने भागले जाते, त्यामुळे परिणाम कधीच भरलेल्या रंगापेक्षा उजळ होत नाही. आपण २००, २२५, १८० हाच पिस्ता भरला, तर २०७ च्या करड्यावर तो १६२, १८३, १४६ असा उतरेल, म्हणजे हव्या त्या रंगापेक्षा बराच गडद. म्हणून भरण्याचा रंग बोच्या मधल्या भागासाठी ठरवलेला नसावा, तर चकाकी सोडून जो भाग सर्वांत उजळ आहे त्याच्यासाठी ठरवलेला असावा. २२५, २४५, २०५ असा फिकट रंग भरला, की मधला भाग १८३, १९९, १६६ वर येतो, आणि डोळ्याला तो बो पिस्ता रंगाचाच वाटतो. पानावरच्या एखाद्या कागदाशी रंग जुळवायचा असेल, तर आयड्रॉपरचा नमुना एका पिक्सेलचा न ठेवता ५ बाय ५ सरासरीचा ठेवावा. कागदाच्या पोतामुळे एकेका पिक्सेलचा रंग फसवा असतो.

मल्टिप्लायऐवजी ओव्हरले का वापरू नये, असा प्रश्न येथे नेहमी येतो. ओव्हरले खालच्या प्रतिमेचा गडद भाग आणखी गडद आणि उजळ भाग आणखी उजळ करतो; म्हणजे घडीचा विरोध वाढवतो आणि रंगही भडक करतो. चुरगळलेल्या कागदाला किंवा रंग उडालेल्या लाकडाला ते शोभते. साटिनच्या मऊ चढउताराला ते फार कर्कश वाटते.

चौथी पायरी चकाकीची. मूळ बोची एक प्रत काढून ती सर्वांत वर आणावी, हिरवा चॅनेल १०० आणि बाकीचे दोन ० ठेवून ती करडी करावी, मग लेव्हल्समध्ये इनपुटचा काळा बिंदू ९० च्या आसपास आणावा, म्हणजे चकाकीखेरीज सगळे काळे होईल. हे बदल या प्रतीवर थेट केले तरी चालतात, कारण मूळ बो तळाशी आहेच. आता या प्रतीचा मोड स्क्रीन करावा. स्क्रीनमध्ये काळा रंग अदृश्य असतो, त्यामुळे फक्त उजेडाच्या रेघा बोवर उतरतात, आणि त्या पांढऱ्या असतात, हिरव्या नव्हेत. रंग बदललेला बो खरा वाटतो की नाही, ते बहुतेक वेळा या एका लेयरवर ठरते. साटिन, रेशीम, इनॅमलचे बटण, काचेचा मणी, पानावरचे दव या सगळ्यांची चकाकी उजेडाच्या रंगाचीच असते. तिच्यावर वस्तूचा रंग चढवला, की वस्तू मातट होते.

येथे फिकट रंगाची एक खास अडचण आहे. खालचा बो आधीच २४५ पर्यंत उजळ असेल, तर चकाकीला वर जायला जागाच उरत नाही आणि साटिनचे सुती कापड होते. म्हणून चकाकीखालचा भाग २२५ ते २३० च्या वर जाऊ देऊ नये. गरज पडल्यास लेव्हल्सच्या आउटपुटचा पांढरा बिंदूही थोडा खाली आणावा. याउलट, फिकट बो गडद करताना तीच चकाकी एकदम डोळ्यात भरते, तेव्हा स्क्रीनच्या लेयरची ऑपॅसिटी (अपारदर्शकता) कमी करून ती हवी तेवढीच ठेवता येते.

इतके झाल्यावर बो मोठा करून, शंभर टक्क्यांवर, गाठीपासून सुरुवात करून नीट पाहावा. गाठीत मोती बसवलेला असेल, तर त्याला वेगळा मास्क (परिणाम ठरावीक भागापुरता ठेवणारा आडोसा) लागेल हे उघडच आहे. पण मास्क लावूनही मोत्याच्या खालच्या अंगाला लालसर झाक राहते. ती शेजारच्या डाळिंबी कापडावरून मोत्यावर पडलेल्या उजेडाची असते. कापड पिस्ता झाले तरी मोती अजून जुन्या बोची आठवण ठेवून आहे, असे ते दृश्य असते. त्यावर मोत्याला क्लिप केलेला एक रिकामा लेयर कलर मोडमध्ये ठेवावा, मऊ ब्रशने फक्त त्या झाकेवर फिकट पिस्ता रंग फिरवावा आणि ऑपॅसिटी तीसएक टक्क्यांवर आणावी. पाहणाऱ्याला हे कधी कळणार नाही, पण न केल्यास काहीतरी खटकत राहील.

फुलाबरोबर पान किंवा फितीबरोबर जरीची किनार असेल, तर प्रत्येक भाग निवडून मास्क करत बसण्यापूर्वी ह्यू-सॅच्युरेशनमधील रंगवार पट्टी वापरून पाहावी. फोटोशॉपमधील रेड्स हा गट वर्णचक्रावर ३४५ ते १५ अंशांवर पूर्ण परिणाम करतो, आणि दोन्ही बाजूंना आणखी ३०-३० अंशांत तो परिणाम हळूहळू विरतो. लाल फूल आणि हिरवे पान यामुळे सहज वेगळे होतात. लाल फूल आणि केशरी पराग मात्र होत नाहीत, कारण ३० अंशांवरचा केशरी रंग लाल आणि पिवळ्या या दोन्ही गटांच्या विरत्या भागात येतो. तेथे मास्कला पर्याय नाही.

आता ग्रेडियंट मॅपविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण वरची रीत पिवळ्या रंगाला नीट लागू पडत नाही. पिवळ्यात नुसता काळा मिसळला, की तो हिरवट, शेवाळलेला दिसतो, आणि मल्टिप्लाय नेमके तेच करते. चित्रकार पिवळ्याची सावली तपकिरी-केशरी रंगाने काढतात. ग्रेडियंट मॅप आपल्याला तेच करू देतो: करड्या प्रतिमेतील प्रत्येक उजळपणाला कोणता रंग द्यायचा, ते आपण ठरवतो. आंबा रंगाच्या फितीसाठी अगदी गडद टोकाला १२०, ६०, १०. साधारण ४५ टक्क्यांवर २३५, १६५, ३०. ८० टक्क्यांवर २५५, २१५, ११० आणि उजळ टोकाला जवळजवळ पांढरा, किंचित उबदार रंग असे चार थांबे दिले, तर फीत उन्हात धरल्यासारखी खुलते. निळ्याच्या सावल्या जांभळ्याकडे झुकवाव्यात आणि पांढऱ्याच्या किंचित निळसर करड्याकडे. एकच पथ्य पाळायचे: थांब्यांचा उजळपणा डावीकडून उजवीकडे सतत चढता हवा. मधला एखादा थांबा शेजाऱ्यापेक्षा गडद पडला, की घडीचा उंचवटा खोलगट दिसू लागतो.

पैठणीच्या रंगात पान करणाऱ्यांना याच साधनाचा आणखी एक उपयोग आहे. धूपछाव रंगाच्या पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे कापड वळले की रंग पालटतो. फुगीर भागावर एक छटा दिसते, तर घडीत दुसरी. ग्रेडियंट मॅपमध्ये गडद टोकाला जांभळा, मध्ये मोरपंखी आणि उजळ टोकाकडे हिरवट निळा दिला, की साध्या साटिनच्या बोला ही झळाळी येते. एरवी असा परिणाम हाताने रंगवायला बसले, तर दिवस जातो.

पांढरा आणि काळा हे शेवटी सर्वांत कठीण रंग. पांढऱ्या बोत रंग जवळजवळ नसतोच, असते ती फक्त सावली. म्हणून तेथे लेव्हल्सच्या आउटपुटचा काळा बिंदू आणखी वर, १४० ते १५० पर्यंत नेऊन सावल्यांना अगदी हलकी निळसर किंवा मोतिया झाक द्यावी. काळ्याचे उलटे आहे. ३०, ३०, ३५ असा रंग मल्टिप्लाय केला, तर सगळा बो ० ते ३५ च्या दरम्यान अडकतो आणि छपाईत घड्या दिसतच नाहीत. काळ्या साटिनचा आकार डोळ्याला चकाकीवरूनच कळतो, त्यामुळे तेथे स्क्रीनचा लेयर अधिक रुंद ठेवावा, म्हणजे त्याच्या लेव्हल्समधील काळा बिंदू ९० वरून ४०-५० पर्यंत खाली आणावा आणि चकाकीच्या आसपासचा मंद उजेडही त्यात येऊ द्यावा.

धातूंना वरचा चकाकीचा नियम लागू नाही. सोने आणि तांबे यांच्यावरून परतणारा उजेड त्या धातूच्याच रंगाचा असतो. चंदेरी ब्रॅड (कागदात खोचायची धातूची सजावटी टाचणी) सोनेरी करताना वर पांढऱ्या चकाकीचा लेयर ठेवला, तर तो पिवळ्या प्लॅस्टिकचा दिसतो. तेथे ग्रेडियंट मॅपचे उजळ टोक पांढरे न ठेवता फिकट पिवळे ठेवावे, आणि धातूवरील काळे पट्टे अजिबात उजळू नयेत, कारण ते भोवतालच्या वस्तूंचे प्रतिबिंब असते आणि धातूपण त्यांच्यातच असते. ग्लिटरला फक्त ह्यूचा स्लायडर लावावा. त्याच्या कणाकणांत छटांचा जो फरक असतो, तो कलर मोडने मारला जातो आणि रांगोळी सांडल्यासारखे दिसते.

काही किटमध्ये एलिमेंटच्या पीएनजीतच सावली आधीच मिसळून दिलेली असते. कलर आणि मल्टिप्लाय हे दोन्ही मोड शुद्ध काळ्याला काळेच ठेवतात, त्यामुळे साध्या रंगबदलात ही सावली त्रास देत नाही. आपल्या रीतीत मात्र लेव्हल्सने काळे ११५ पर्यंत उचलले आहे, म्हणजे बोखालची सावली पिस्ता रंगाचे धुके होऊन पानावर पसरेल. ग्रेडियंट मॅपही तिला आपल्या पहिल्या थांब्याचा रंग देऊन टाकतो. उपाय असा: कंट्रोल दाबून बोच्या थंबनेलवर क्लिक करावे, म्हणजे पारदर्शकतेसह निवड होईल, ती निवड मूळ बो सोडून वरच्या सगळ्या लेयरच्या गटाला मास्क म्हणून द्यावी आणि त्या मास्कवर लेव्हल्स लावून काळा बिंदू २०० च्या आसपास आणावा. सुमारे ७८ टक्क्यांहून कमी अपारदर्शक असलेले पिक्सेल त्यामुळे मास्कमधून बाहेर पडतात, सावली जशीच्या तशी काळी राहते आणि रंग फक्त कापडावर बसतो. शक्य असेल तेथे सावली नसलेलेच एलिमेंट घ्यावे आणि सावली पानावर स्वतः द्यावी, हे अर्थातच अधिक चांगले.

गडदावरून फिकटाकडे जाताना आणखी एक दोष दिसतो. ८ बिटच्या प्रतिमेत प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या असतात. बोची सगळी घडण २० ते ११० या नव्वद पायऱ्यांत दाटलेली असेल आणि आपण ती पूर्ण पट्टीवर ताणली, तर मधल्या पायऱ्या रिकाम्या राहतात आणि मऊ उतारावर पट्टे उमटतात. १६ बिटमध्ये काम केल्याने नव्या चुका वाढत नाहीत, पण मुळात नसलेल्या पायऱ्या त्यातून निर्माण होत नाहीत. एक-दोन टक्के मोनोक्रोमॅटिक नॉइज (एकरंगी बारीक दाणे) घातला, की पट्टे डोळ्याला दिसेनासे होतात. ३०० पीपीआयच्या (दर इंचाला ३०० पिक्सेलच्या) छपाईत तो नॉइज कापडाचा पोत म्हणूनच खपून जातो.

फोटोशॉप नसेल, तर ब्राउझरमध्ये चालणारा फोटोपी बहुतेक सगळे लेयर आणि मोड त्याच नावांनी देतो. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोनो मिक्सर, लेव्हल्स आणि ग्रेडियंट मॅप आहेत. क्लिपिंग मास्कच्या जागी अल्फा टू सिलेक्शन करून लेयर मास्क घालावा. २०१८ मध्ये आलेल्या गिंप २.१० पासून एलसीएच कलर हा मोडही मिळतो, आणि डोळ्याला जाणवणारा उजळपणा तो जुन्या एचएसएल कलरपेक्षा बराच चांगला सांभाळतो. फोटोशॉप एलिमेंट्समध्ये चॅनेल मिक्सर नाही. तेथे कन्व्हर्ट टू ब्लॅक अँड व्हाइटमधील लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्या ओढून जवळपास तसाच करडा बो मिळवता येतो, मात्र ती आज्ञा थेट पिक्सेलवर चालते, म्हणून आधी प्रत काढून ठेवावी.

काम संपल्यावर सर्वांत वर ५० टक्के करड्या रंगाचा लेयर कलर मोडमध्ये ठेवून संपूर्ण पान क्षणभर बिनरंगी करून पाहावे. नवा बो शेजारच्या फुलांच्या आणि फ्रेमच्या तुलनेत सपाट किंवा फार कडक वाटला, तर दोष रंगात नसून लेव्हल्समध्ये आहे, आणि दुरुस्ती तेथेच करावी. मग तो लेयर काढून टाकावा, सगळे लेयर असलेली पीएसडी फाइल जपून ठेवावी आणि वापरासाठी पारदर्शकता टिकवणारी पीएनजी प्रत काढावी. जेपीजीत पारदर्शकता राहत नाही. फोटो लॅबने दुसरे काही सांगितले नसेल, तर रंगप्रोफाइल एसआरजीबी ठेवावे. पुढच्या वेळी दुसऱ्या रंगाचा बो हवा असेल, तेव्हा त्या पीएसडीतील फक्त फिल लेयरचा रंग बदलायचा असतो. नवा रंग फार गडद असला, तर लेव्हल्सही पुन्हा पाहाव्यात. असा रंग बदललेला बो स्वतःच्या पानावर वापरायला बहुतेक किटच्या अटी परवानगी देतात, मात्र तो वेगळा काढून इतरांना वाटायला किंवा विकायला सहसा देत नाहीत, तेव्हा किटसोबत आलेली अटींची फाइल आधी वाचून घ्यावी.